शाळेचा पहिला आठवडा: ओळखीच्या खेळांतून वर्षभराच्या गणिताची सामग्री

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिले काही दिवस सगळंच हलतं असतं. पट पक्का झालेला नसतो, दोन-चार मुलं अजून मामाच्या गावीच असतात, वर्गाची बसण्याची जागा ठरायची असते. या दिवसांत आपण ओळखीचे खेळ घेतो. नाव सांगा, आवडता खेळ सांगा, मोठेपणी कोण होणार ते सांगा. मुलं बोलती होतात, वर्ग हसतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही हाती राहत नाही. पुढे सांख्यिकीचा पाठ येतो तेव्हा आपण फळ्यावर लिहितो, ‘एका शाळेतील ४० विद्यार्थ्यांच्या आवडत्या फळांची माहिती खालीलप्रमाणे आहे.’ कुठली शाळा आणि कुठले विद्यार्थी? त्या चाळीस जणांना आंबा आवडला काय आणि पेरू आवडला काय, वर्गातल्या एकाही मुलाला त्याचं काही वाटत नाही.

हेच आकडे मुलांच्या स्वतःच्या नावांचे, वाढदिवसांचे, शाळेच्या वाटेचे असतील तर मुलं त्यांच्यावर भांडतात. ‘माझं चुकीचं लिहिलंय’, ‘त्याला दोनदा मोजलं’, ‘मी परवा नव्हतो’. या भांडणातूनच सांख्यिकी कळते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पहिल्या आठवड्यातच ओळख आणि मोजणी एकत्र करावी आणि निघालेली सामग्री, म्हणजे गोळा झालेली आकडेवारी, वर्षभर वापरावी. चौथी ते आठवीला शिकवणाऱ्या, नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. शिक्षणसेवक म्हणून दोनशिक्षकी शाळेत गेला असाल आणि एकाच खोलीत तीन वर्ग बसत असतील, तरी यातलं जवळपास सगळं जमेल.

सुरू करण्याआधी

सामान फार लागत नाही. एक जाड वही, एकाच मापाच्या कागदाच्या चिठ्ठ्या, खडू, मोजपट्टी किंवा शिंप्याकडे असते तशी टेप, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि दोन लांब दोऱ्या. वहीवर ‘आमच्या वर्गाची सामग्री’ असं लिहा आणि पहिल्या पानावर पटावरची संख्या, इयत्ता, वर्ष टाका. प्रत्येक खेळाला एक पान. पानावर तारीख, त्या दिवशीची हजेरी आणि विचारलेला प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. हजेरी लिहायला विसरू नका. महिन्याभराने बेरीज २७ येते आणि पट ३० असतो, तेव्हा ती तीन मुलं कुठे गेली हे त्याच नोंदीवरून कळतं.

काय विचारायचं हे ठरवण्याआधी काय विचारायचं नाही हे ठरवा. जात, धर्म, वडिलांचं काम, घरचं उत्पन्न, घर पक्कं की कच्चं, वजन, कुणाकडे मोबाइल आहे, घरी मांसाहार होतो का, हे प्रश्न नकोत. आकडे सोपे मिळतात म्हणून मुलाला वर्गासमोर उघडं पाडू नये. ‘तुला भाऊ-बहीण किती’ हा साधा वाटणारा प्रश्नही एखाद्या मुलाला बोचतो. आई-वडील दूर असलेली आणि आजीकडे राहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्याऐवजी मी विचारते, ‘काल रात्री तुझ्या घरी किती ताटं वाढली?’ संख्या मिळते आणि कुणालाही घरची कहाणी सांगावी लागत नाही. ज्याला सांगायचं नाही त्याने कोरी चिठ्ठी टाकावी, हेही आधीच सांगून ठेवा. कोऱ्या चिठ्ठ्यासुद्धा मोजायच्या आणि ‘उत्तर नाही’ असा त्यांचा वेगळा रकाना करायचा.

पहिला दिवस: सुरुवात तुमच्यापासून

फळ्यावर तुमच्याबद्दलचे चार-पाच आकडे लिहा. फक्त आकडे, एकक नाही. उदाहरणार्थ १५८, ३, १८, ५. मुलांनी ओळखायचं की कुठला आकडा कशाचा: उंची सेंटीमीटरमध्ये, नावातली अक्षरं, शाळेपासून घराचं अंतर किलोमीटरमध्ये, घरातली माणसं. ‘१५८ हे तुमचं वय असेल’ असं कुणी म्हटलं की वर्ग खळखळून हसतो आणि त्याच हसण्यात एककाशिवाय आकड्याला अर्थ नाही हे मुलांना कळतं. मग प्रत्येकाने स्वतःचे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून शेजाऱ्याला ओळखायला द्यायचे. पंधरा-वीस मिनिटांत हे आटोपतं.

नावातली अक्षरं

हा माझा सगळ्यात लाडका खेळ आहे. याला वेळ द्या, पूर्ण तास द्या.

प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि खाली त्यातल्या अक्षरांची संख्या. दोन मिनिटांत पहिला वाद उभा राहतो. आर्यन म्हणतो तीन, शेजारचा म्हणतो चार, कारण रफार हाही ‘र’च ना? समृद्धीच्या नावात ‘द्धी’ एक की दोन? ज्ञानेश्वरी चारची की त्याहून जास्तीची? इथे घाईने उत्तर देऊ नका. मुलांना बोलू द्या आणि मग सगळ्यांनी मिळून नियम करू द्या: जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या नाहीत. नियम वहीत लिहा. मोजायला बसण्याआधी काय मोजतोय हे ठरवावं लागतं, ही सांख्यिकीची पहिली पायरी आहे. पाठ्यपुस्तकात आकडे तयार येतात, त्यामुळे ही पायरी मुलांना कधी दिसतच नाही.

आता खडूने जमिनीवर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर २, ३, ४, ५, ६ असे आकडे समान अंतरावर लिहा. मुलांनी आपापली चिठ्ठी आपल्या आकड्यावर एकावर एक, रांगेत ठेवत जायची. स्तंभालेख जमिनीवर उभा राहतो. चिठ्ठ्या एकाच मापाच्या असायला हव्यात असं वर म्हटलं ते याचसाठी. दोन चिठ्ठ्या मुद्दाम मोठ्या कापून ठेवा आणि बघा, कुणाच्या तरी लक्षात येतं की कमी नावं असूनही एक स्तंभ उंच दिसतोय.

मग ताळ्याच्या खुणांनी सारणी करायची, पाचवी खूण आडवी. समजा ३० मुलांच्या वर्गात दोन अक्षरी नावं ७, तीन अक्षरी १५, चार अक्षरी ६ आणि पाच अक्षरी २ निघाली. एकूण अक्षरं १४ + ४५ + २४ + १० = ९३, म्हणून सरासरी ३.१. ‘३.१ अक्षरांचं नाव कुणाचं आहे?’ असं विचारा. कुणाचंच नाही. सरासरी ही वर्गाची असते, कुणा एका मुलाची असेलच असं नाही, हे समजावून सांगण्यापेक्षा या प्रश्नाने पटकन कळतं. मोठ्या वर्गात याच सारणीतून मध्यक (चढत्या क्रमातली मधली संख्या, इथे ३) आणि बहुलक (सगळ्यात जास्त वेळा आलेली संख्या, इथे तीही ३) काढता येतो.

दुसऱ्या दिवशीसाठी घरचा अभ्यास द्या: आजी-आजोबांची किंवा शेजारच्या दोन म्हाताऱ्या माणसांची नावं विचारून या. द्वारकाबाई, पार्वतीबाई, पांडुरंग, तुकाराम अशी नावं येतात आणि पुन्हा वाद: ‘बाई’ धरायचं की नाही? दोन्ही प्रकारे मोजा. नियम बदलला की सरासरी किती बदलते ते मुलांनी स्वतः पाहू द्या. दोन पिढ्यांचे स्तंभ शेजारी शेजारी दाखवणारा जोडस्तंभालेख सातवीला लागतोच, तो इथे आयता मिळतो.

वाढदिवस आणि १ जून

मुलांना सांगा, एक शब्दही न बोलता, फक्त खुणांनी, जानेवारी ते डिसेंबर अशी वाढदिवसाप्रमाणे रांग लावा. लाजरी मुलंसुद्धा यात उतरतात, कारण बोलायचंच नसतं. रांग झाली की एका टोकापासून तारखा मोठ्याने म्हणायच्या आणि चुकलेल्यांनी जागा बदलायची. ज्याला तारीख माहीत नाही त्याची जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या दाखल-नोंदवहीतून, सांगा. मुलाने स्वतः सांगितली ती प्राथमिक सामग्री आणि रजिस्टरमधून घेतली ती दुय्यम, हा फरक इथेच नोंदवून टाका. पुढे नववीत तो व्याख्या म्हणून येतो.

महिन्यांचा स्तंभालेख काढल्यावर मुलांना घरी पाठवा: घरातल्या आणि गल्लीतल्या साठीपुढच्या माणसांच्या कागदावरच्या जन्मतारखा विचारून या. महाराष्ट्रातल्या खेड्यांत या यादीत १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा येते. जन्माची नोंद नसायची, शाळेत नाव घालताना गुरुजी वय अंदाजाने धरायचे आणि शाळेचं वर्ष जूनला सुरू होत असल्यामुळे तारीख १ जून पडायची. आजोबांच्या पिढीचा आणि मुलांच्या पिढीचा असे दोन आलेख शेजारी शेजारी लावा आणि विचारा, ‘जूनमध्ये खरंच एवढी माणसं जन्मली असतील का?’ आकडा कुठून आला, कुणी लिहिला आणि का लिहिला, हे विचारायची सवय लावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आठवीच्या मुलांना एक पुढचा प्रश्न द्या. एका वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? मुलं म्हणतात फारच कमी. प्रत्यक्षात सगळ्या तारखा सारख्याच शक्य धरल्या तर २३ जणांमध्येच ती निम्म्याहून थोडी जास्त असते, ३० जणांत सुमारे ७० टक्के आणि ४० जणांत सुमारे ८९ टक्के. सिद्धता या वयात नको. शाळेतल्या सगळ्या वर्गांच्या तारखा जमवून किती वर्गांत अशी जोडी निघते ते मोजू द्या. आजोबांच्या यादीला हे गणित का लागू पडत नाही, हेही विचारा.

शाळेची वाट

‘घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात?’ एवढाच प्रश्न. अंतर विचारू नका, मुलांना ते माहीत नसतं. उद्या घड्याळ बघून निघा आणि पोचल्यावर लिहा असं सांगा, म्हणजे अंदाज आणि मोजमाप दोन्ही मिळतील.

नंतर मैदानावर सगळ्यांना मिनिटांच्या चढत्या क्रमाने उभं करा. दोन्ही टोकांच्या एकेका मुलाला एकदमच खाली बसवत जा. शेवटी उभं राहतं ते मूल म्हणजे मध्यक. संख्या सम असेल तर दोघं उरतात, त्यांच्या मिनिटांची सरासरी घ्या. वर्गात व्याख्या लिहून देण्याआधी मुलांनी मध्यक असा अंगाने अनुभवलेला असला की पुढे चढता क्रम लावायला ती विसरत नाहीत.

आता नऊ मुलांचा एक गट बाजूला घ्या. समजा त्यांची मिनिटं ३, ५, ५, ६, ८, १०, १०, १२ आणि ४० आहेत. चाळीसवालं मूल लांबच्या वस्तीवरून चालत येतं. बेरीज ९९, सरासरी ११, मध्यक ८. सरासरीपेक्षा कमी वेळ लागणारी मुलं किती? नऊपैकी सात. मुलांना हे विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. चाळीसवाल्याला काढलं तर सरासरी ७.३७५ वर येते आणि मध्यक ७ वर. एका संख्येने सरासरी किती ओढली गेली आणि मध्यक जेमतेम हलला, ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. इथे शिक्षक म्हणून दुसरीही गोष्ट हाती येते. रोज चाळीस मिनिटं चालून येणारं मूल उशिरा का पोचतं आणि शेवटच्या तासाला का पेंगतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं.

एक मिनिट

यात खाजगी काहीच नाही, त्यामुळे नव्या वर्गाला फार सोयीचा खेळ. जोड्या करा. एकाने डोळे मिटायचे आणि मिनिट झालं असं वाटलं की मुकाट हात वर करायचा. तुम्ही फळ्यापाशी उभं राहून दर सेकंदाला न बोलता आकडा लिहीत जायचं आणि जोडीदाराने हात वर झाला तेव्हाचा आकडा टिपायचा. मग अदलाबदल.

आकडे बरेच विखुरलेले मिळतात. सहावी-सातवीला ३०–३९, ४०–४९ असे गट पाडून सारणी करायला द्या. त्यानंतर दोन गट फळ्यावर लिहा: एकाचे ५०, ५८, ६०, ६२, ७० आणि दुसऱ्याचे ३०, ४५, ६०, ७५, ९०. दोन्हींची सरासरी ६०. मग दोन्ही गट सारखेच का? मुलं नाही म्हणतात, पण का नाही हे सांगताना अडखळतात. अडखळू द्या. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यातलं अंतर मोजायची कल्पना कुणाला तरी सुचतेच.

दोन दोऱ्यांची वर्तुळं

धुळे-जळगावकडे बऱ्याच घरांत अहिराणी बोलतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे पावरी, सोलापुरात कन्नड आणि तेलुगू. घरची भाषा वर्गात सांगायला मूल कचरतं, म्हणून हा खेळ सुरू करताना तुम्हाला त्या भाषेतली दोन वाक्यं येत असतील तर ती बोला. येत नसतील तर मुलांकडून शिकून घ्या.

दोऱ्यांची दोन मोठी वर्तुळं एकमेकांवर थोडी चढवून आखा. समजा एक अहिराणीचं, दुसरं हिंदीचं. ज्याला जी बोलता येते त्याने त्यात उभं राहायचं, दोन्ही येत असतील त्याने मधल्या भागात आणि एकही येत नसेल त्याने बाहेर. हात वर करवून मोजा: अहिराणी १९, हिंदी १४. बेरीज ३३ आणि वर्गात मुलं तर २८! मधल्या भागात ९ जण उभे आहेत, ते दोनदा मोजले गेले. १९ + १४ − ९ = २४, म्हणून बाहेर ४. पुढे संच शिकवताना ही पानं काढा.

उंची, हाताची वीत, पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी हीदेखील याच आठवड्यात मोजून ठेवा. एकाच बाकाची लांबी प्रत्येकाच्या वितीने वेगळी येते, ते पाहिल्यावर सेंटीमीटर कशाला लागतो हे सांगावं लागत नाही. उंची मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा मोजायची, म्हणून तारीख न चुकता लिहा. मात्र उंचीप्रमाणे वर्गासमोर रांग लावू नका. टोकाला उभ्या राहणाऱ्या दोन मुलांना ते वर्षभर चिकटतं.

मुलांचे स्वतःचे प्रश्न

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मुलाने स्वतःचा एक प्रश्न बनवायचा आणि तो वर्गातल्या प्रत्येकाला विचारायचा. खरी ओळख इथे होते, कारण प्रत्येक मूल प्रत्येकाशी बोलतं. पण आखणी नसेल तर गोंधळही इथेच होतो.

प्रश्न आदल्या दिवशी तपासून घ्या. ‘तुला काय आवडतं?’ याला तीस उत्तरं येतील आणि त्याचा आलेख होणार नाही. ‘कबड्डी, खो-खो, क्रिकेट की लगोरी?’ असे चार पर्याय आणि पाचवा ‘इतर’ ठेवायला लावा. ‘इतर’चा स्तंभच सगळ्यात उंच झाला तर पर्याय नीट निवडले नव्हते, हे त्या मुलाला स्वतःच उमगेल. प्रत्येकाला वर्गाच्या नावांची यादी द्या, ज्याला विचारलं त्याच्या नावापुढे खूण. दोन समोरासमोर रांगा करा, एका मुलाला जागेवरच ठेवा आणि दर मिनिटाला बाकी सगळ्यांनी दोन्ही रांगांतून गोल फिरत एक जागा सरकायचं, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते आणि धावपळ होत नाही. शेवटची अट: स्वतःचं उत्तर धरून ताळ्याच्या खुणांची बेरीज हजेरीइतकी आलीच पाहिजे. नाही आली तर यादी बघून राहिलेल्याला शोधायचं.

आवडीच्या प्रश्नांची सरासरी काढायला एखादं मूल निघालं तर थांबवू नका. कबड्डी आणि क्रिकेट यांची सरासरी काय येते ते त्यालाच विचारा.

२९ जून हा राष्ट्रीय सांख्यिकी दिन. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा तो जन्मदिवस (१८९३), कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्यांनी उभी केली. २००७ पासून हा दिवस पाळला जातो. त्या दिवशीच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या परिपाठात मुलांना आपापले आलेख सांगू द्या. विदर्भात शाळा उशिरा उघडते, तिथे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात केलं तरी चालेल. भिंतीवर लावताना आलेखावर नावं नकोत, फक्त संख्या.

वही वर्षभर कशी चालवायची

बहुवर्ग असेल तर तेच पान वेगवेगळ्या इयत्तांना द्या. चौथीची मुलं ताळ्याच्या खुणा मोजतील, पाचवीची चित्रालेख काढतील, सहावीची प्रमाण ठरवून स्तंभालेख, सातवीची सरासरी आणि जोडस्तंभालेख, आठवीची शतमान (टक्क्यांत दाखवलेला) स्तंभालेख. पाचवीचा चित्रालेख आणि सातवीची सांख्यिकी बालभारतीच्या पुस्तकात शेवटाकडे आहेत, तोवर वही कपाटात पडून राहू नये. अपूर्णांक शिकवताना ‘वर्गाचा कितवा भाग दहा मिनिटांच्या आत पोचतो?’ विचारा, शेकडेवारी शिकवताना त्याच संख्येचे टक्के काढायला लावा, गुणोत्तराला भाषांचं पान घ्या.

आणि पट बदलला की वही बदला. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास मुलं आई-वडिलांबरोबर जातात, वीटभट्टीवरच्या कुटुंबांची मुलं मध्येच दाखल होतात. नवं मूल आलं की त्याच दिवशी त्याचं नाव अक्षरांच्या पानावर चढवा. नाव चार अक्षरी असेल तर ९३ चे ९७ होतात, ३० चे ३१ आणि सरासरी ३.१ वरून सुमारे ३.१३ वर जाते. हा हिशोब त्या मुलालाच फळ्यावर करू द्या, शेजारी मदतीला जुन्या मुलांपैकी एक जण उभा करा. गेलेल्या मुलाचं नाव खोडू नका. त्याच्यापुढे गेल्याची तारीख लिहा आणि ते परत येईल तेव्हा त्या ओळीवर पुन्हा सरासरी काढा.